बाबांच्या पाठीवरची पट्टी

नांदुरा
मंगळवार, दुपारी दोन

प्रिय नागसेन,

जयभीम. हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. ऑफिसात तर मुळीच नको. अर्ध्या दिवसाची रजा टाक, घरी जा, दार लाव, बस आणि वाच. बायकोला दाखवायचं की नाही ते नंतर तू ठरव, पण पहिल्यांदा एकट्यानं वाच. मोठ्या बहिणीनं दटावलंय असं समज.

भागवतभाऊंची सारिका आज संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत निघाली आहे, उद्या सकाळी ती हे पाकीट तुझ्या हातात देईल. तुला वाटेल, ताईला आता पत्रं कुठून सुचू लागली, फोनला काय झालं. फोनचं तुला माहीतच आहे. मी पट्टीचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतोस. दीड महिन्यात चारदा ठेवलास. आणि घरातून बोलावं तर बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत असतात, त्यांना आता दुसरा उद्योग नाही. म्हणून अंगणवाडीत बसून लिहिते आहे. पोरं खिचडी खाऊन घरी गेली, मदतनीस बाई पातेलं घासते आहे, आणि सारिकाच्या गाडीला अजून चार तास आहेत. लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते. तू हसशील. हस.

आधी मुद्दा सांगते, म्हणजे तू पत्र अर्ध्यावर टाकून देणार नाहीस. परवा गुरुवार. बुलढाण्याला डॉक्टर जयमाला मॅडम फक्त गुरुवारी बसतात. त्या बाबांची दुखण्यावरची पट्टी पुन्हा सुरू करायला तयार आहेत, आधीपेक्षा कमी ताकदीची, स्वतः तपासून. मी तयार आहे. तू नाही म्हणतोस. आणि बाबाही नाही म्हणतात. मॅडमचं म्हणणं स्पष्ट आहे, पेशंट शुद्धीवर असताना नाही म्हणत असेल तर त्याच्या अंगाला त्या हात लावणार नाहीत. तू का नाही म्हणतोस ते मला माहीत होतं. बाबा का नाही म्हणतात ते मला रविवारी कळलं. ते कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बाबा कसे आहेत असं तू फोनवर विचारतोस आणि मी बरे आहेत म्हणते. ते खोटं आहे. बाबा बावीस दिवसांत आडवे झालेले नाहीत. पाठ टेकली की मणक्यात कळ येते. खाटेवर बसतात, समोर खुर्ची उलटी ठेवलेली असते, तिच्या पाठीवर उशी आणि उशीवर कपाळ. तशातच जेवढा डोळा लागेल तेवढा लागतो. तोंडात पंच्याचं टोक धरतात, म्हणजे आवाज निघू नये. तो पंचा मी रोज धुते, त्याला दातांनी भोकं पडली आहेत. परवा रवीनं दाढी करायला पाणी आणलं तर म्हणाले, राहू दे जावईबापू, गालाले हात लावला तरी पाठीत जाते. दर रविवारी विहारात वंदनेला जाणारा माणूस आता विहाराच्या स्पीकरचा आवाज आला की डोळे मिटून घेतो. मॅडमनी ट्रॅमाडॉलचे थेंब दिले आहेत. तेही पट्टीतल्या औषधाच्याच जातीचं, पण फार सौम्य. दोन तास जरा बरं वाटतं, तिसऱ्या तासाला पुन्हा कपाळ उशीवर. घशातून पाणीही मुश्किलीनं उतरतं, थेंब उतरले तरी बऱ्याचदा पोटात टिकत नाहीत.

तू म्हणशील ताई मुद्दाम रडवते आहे. हो, मुद्दाम. तू तिकडे बसून नाही म्हणतोस, तेव्हा तुझं ते नाही इकडे कसं दिसतं ते तुला दिसलं पाहिजे.

ऑक्टोबर आठव. अन्ननलिकेचा रोग मणक्यात उतरला असं कळलं तेव्हा तू इथेच होतास, पण बुलढाण्याला आम्ही गेलो ते तू गेल्यावर. रवीनं मित्राची गाडी आणली होती. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला बाबा माझा हात दाबत होते, आणि चाळीस वर्षं जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहिलेल्या माणसाचा हात आहे तो, माझी बोटं निळी पडली. मॅडमनी मला आणि रवीला खुर्च्या दिल्या, पण बोलल्या बाबांशीच. पुंजाजीभाऊ, तुमचा आजार मी बरा करू शकत नाही, पण तुमचं दुखणं माझ्या हातात आहे, ते मी कमी करते. बाबांना असं कुणी आजवर सरळ सांगितलं नव्हतं. ते नुसते मान हलवत होते.

आधी काही दिवस त्यांनी मॉर्फिनचं पातळ औषध दिलं, मात्रा बसवली. गिळणं बंद होत गेलं तेव्हा पट्टीवर आणलं. फेंटॅनिल नावाचं औषध आहे, कारखान्यात तयार होणारं, ऑपरेशनच्या वेळी भूल देताना रोज वापरतात. पट्टीतून ते कातडीवाटे हळूहळू रक्तात उतरतं आणि तीन दिवस पुरतं. दुखतं तिथंच लावायची असं नसतं, छातीला लावा, दंडाला लावा, पाठीवर वरच्या बाजूला लावा, औषध सगळीकडे पोचतं. बाबा खाजवून काढतील म्हणून आम्ही पाठीवर लावायचं ठरवलं. मॅडमनी मला सगळं बजावलं होतं. कापायची नाही. एकावर दुसरी लावायची नाही. वापरलेली चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, तिच्यातही औषध उरलेलं असतं, पोराबाळांच्या हाती लागू द्यायची नाही. झोप फार आली, श्वास मंद झाला, तर लगेच काढून फोन करायचा. आणि हॉट वॉटर बॅग लावायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, अगदी त्यांच्याच शब्दांत.

पहिल्या दिवशी काहीच फरक नव्हता. मॅडमनी सांगितलंच होतं, बारा-पंधरा तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा उताणे झोपलेले. उताणे, नागसेन. मी घाबरून छातीवर हात ठेवला, तर डोळे उघडून म्हणाले, काऊन व, मेलो वाटलो काय? त्यानंतरचे अडीच महिने मी तुला फोनवर सांगत होते ते सगळं खरं होतं. ते पेज पीत होते, जिनिंगच्या गेटापर्यंत काठी टेकत जात होते, जुन्या हमालांना शिव्या घालून परत येत होते. बद्धकोष्ठ व्हायचं, दुपारी पेंग यायची, त्याची औषधं मॅडमनी दिली होती. पट्टी बदलायचा दिवस मी कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. त्या गोलावर बाबा रोज बोट ठेवून विचारायचे, आज हाय का उद्या.

शेजारच्या झुंबरबाईंचं तर तुला सांगायचंच राहिलं. त्यांचे गुडघे धरतात. बाबा चालताना पाहून त्या माझ्यामागे लागल्या, मले बी एक पट्टी दे. मी म्हटलं मावशी, ही तुमच्या गुडघ्याची नाही, तुमच्या अंगाला सवय नाही, झोपेतच जाल. तर म्हणाल्या, मंग जुनी तरी दे, बापाची वापरून झालेली. मी त्यांना इतकी बोलले की आठ दिवस अबोला होता. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. वाटलं, ताई, तुला सगळं समजलंय.

तू मोबाईलवर वाचलंस की दूर देशांत या औषधानं माणसं पटापट मरतात. ते खोटं नाही. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, अगदी खरं आहे. ती माणसं रस्त्यावर मिळालेली भुकटी घेतात, किती आहे, कशात मिसळली आहे, काही पत्ता नसतो. आमचं तसं नव्हतं. मापून दिलेलं होतं, कागदावर सही शिक्का होता, गरज होती. पण मॅडमनी हेही सांगितलं की या औषधात चुकीला जागा फार थोडी असते. औषध चांगलं असतं तेव्हाही आणि ठरवून दिलेलं असतं तेव्हाही. ते वाक्य मी तेव्हा ऐकलं, समजलं मात्र जानेवारीत.

आता जानेवारीकडे येते. हात पुढे सरकत नाही म्हणून मध्ये उठून चहा करून आले. तीन वाजले.

तू संक्रांतीच्या सुमाराला चार दिवस आलास. येताना बाबांसाठी लोकरी टोपी, पायमोजे आणि ती लाल रबरी पिशवी आणलीस, गरम पाणी भरायची. खोक्यातून काढून मला दाखवलीस तेव्हा मी तुझ्या हातातून हिसकावूनच घेतली. म्हटलं ही लावायची नाही, मॅडमनी सांगितलंय, पट्टी असताना हॉट वॉटर बॅग चालत नाही. तुझं तोंड उतरलं. पिशवी खोक्यात घालून माळ्यावर ठेवलीस. मी सांगितलेलं तू लहानपणापासून ऐकत आला आहेस, ते तेव्हाही ऐकलंस. हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

तू निघालास त्या दिवशी मला पंचायत समितीत मीटिंग होती. रवीनं तुला दीड वाजता रिक्षानं स्टेशनवर सोडलं आणि तो भाडं घेऊन मलकापूरला गेला. बाबांकडे लक्ष ठेवायला झुंबरबाईंना सांगितलं होतं. मी साडेतीनला घरी आले. झुंबरबाई दारातच भेटल्या, तोंडभर हसत, म्हणाल्या, लय मस्त झोपला व तुहा बाप, म्या दोन बार पाहून आली, उठवलाच नाई. मी आत गेले. बाबा कुशीवर होते. घोरत होते, पण ते घोरणं नव्हतं, नळात हवा अडकल्यासारखा आवाज होता, आणि दोन आवाजांच्या मधे फार वेळ काहीच नव्हतं. ओठ जांभळे. हाक मारली, हलवलं, छातीच्या हाडावर मुठीनं घासलं, तेव्हा पापणी उघडली आणि आतली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. मी पट्टी ओढून काढली. मॅडमना फोन लावला, त्यांनी एका दमात सांगितलं, पट्टी काढली का, तिथली कातडी गार पाण्यानं पुसा, साबण लावू नका, १०८ बोलवा, कानाशी बोलत राहा, श्वास घ्यायला सांगत राहा. मिनिटाला सहा श्वास होते. प्रत्येक श्वासाच्या आधी मी ओरडत होते, बाबा श्वास घ्या. ते घ्यायचे. मी ओरडले नाही की घ्यायचे नाहीत. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत मी दुसरं काहीही बोलले नाही, झुंबरबाई मागे उभ्या राहून रडत होत्या.

खामगावला नेलं. तिथे त्या औषधावर उतारा असलेलं इंजेक्शन असतं, ते दिलं. दोन मिनिटांत बाबांनी डोळे उघडले आणि किंचाळले. उतारा विष उतरवतो तसं दुखणं अडवणंही काढून घेतो, अडीच महिन्यांचं सगळं एकदम अंगावर आलं. इंजेक्शनचा जोर ओसरला की पुन्हा श्वास मंद व्हायचा, कारण कातडीखाली औषध साचलेलं असतं. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा किंकाळी. असं तीनदा झालं. मॅडम बुलढाण्याहून स्वतः आल्या. त्यांनी मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि हे का घडलं ते बाबांच्या खाटेपाशी उभं राहून मला आणि बाबांना सांगितलं. का घडलं ते मी खाली लिहिते. आत्ता खाली जाऊ नकोस. क्रमानं ये.

तू जळगावहून उलट फिरलास आणि तीन-चार तासांत पोचलास. बाकीचं तुला आठवत असेल, तरी मी लिहिते, कारण तू काय बोललास ते तुला आठवतं की नाही मला माहीत नाही. तू वॉर्डात सगळ्यांसमोर मॅडमना म्हणालास की तुम्ही सांगितलेलं सगळं ऐकत होतो, तुम्ही माझ्या बापाच्या अंगाला विष चिकटवलं. मला म्हणालास, तुले बापाची सेवा करून कटाया आला होता. उरलेल्या पट्ट्यांचं पाकीट तू मॅडमसमोरच्या टेबलावर आपटलंस. आणि जाताना म्हणालास, पुन्हा ती पट्टी बापाले लागली अन् त्याले काही झालं, त मी तुहं तोंड पाहणार नाही, तू माही बहीण नाही. मी तोंड उघडलं होतं, नागसेन. उत्तर माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात बाबांनी चादरीखालून माझं मनगट धरलं. जीभ जड होती, शब्द नीट उमटत नव्हते, पण मला कळलं. सांगजो नको, म्हणाले. मी गप्प बसले. तेव्हापासून गप्प आहे. रवीनंही मला विचारलं, तू ऐकून कशी घेतलीस, तर त्यालाही मी भांडण नको म्हणून सांगितलं.

मला तुझा राग आला होता. आजही येतो. भांडी घासताना, पोरांची वजनं करताना एकदम येतो, आणि मी मनातल्या मनात तुला काय काय बोलते ते लिहिलं तर सारिकाला दुसरं पाकीट द्यावं लागेल. पण मी हे पत्र त्या रागापायी लिहीत नाही, आणि स्वतःला सोडवून घ्यायलाही लिहीत नाही. माझ्यावर आळ राहिला तरी मी जगले असते.

मला वाटत होतं, बाबा पट्टीला घाबरले. कुणीही घाबरेल. मॅडम समजावून थकल्या, मी समजावून थकले, ते नुसतं नाही म्हणायचे. रविवारी सकाळी मी त्यांचे पाय पुसत होते. फार दुखत होतं, पंचा तोंडात होता. मी चिडले. म्हटलं, तुम्हाला मरायची एवढी भीती वाटते का, की जगताना हे असं सोसायचं? त्यांनी तोंडातला पंचा काढला. मग जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. मी तर जाणारच हाव पोरी, दोन महिन्यानं नाहीतर चार. पट्टी लावून गेलो, त नागसेन जन्मभर म्हणीन बहिणीनं मारलं. तुम्ही दोघंच हा एकमेकाले. माह्यामागं कोणी नाही तुमचं. बिनपट्टीचा गेलो, त कोणावरच नाव येत नाही. मी म्हटलं, मग मला त्याला खरं सांगू द्या, तो माझ्यावर आळ घेणार नाही. तर माझ्यावर डोळे वटारले, आजारपणात पहिल्यांदा. म्हणाले, अन् मंग तो काय म्हणीन? म्यां मारलं म्हणीन. त्यापरीस दुखू दे मले.

नागसेन, आता ते लिहिते. निघण्याआधी तू बाबांच्या पाठीला बाम चोळलास. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, तिच्यात तू वीट तापवलीस, आई तापवायची तशीच, जुन्या लुगड्याच्या चार घड्या करून त्यात गुंडाळलीस. बाबा गाठी वाहून आले की आई रोज असंच शेकायची, आपण दोघांनी ते बघितलं आहे. तू तासभर शेक दिलास, बाबांना झोप लागली, मग जाताना ऊब राहावी म्हणून वीट तशीच त्यांच्या पाठीला टेकवून ठेवलीस. तिच्याखाली पट्टी होती. उष्णतेनं कातडी मोकळी होते आणि तीन दिवसांचं औषध दोन-तीन तासांत रक्तात उतरतं. मी घरी आले तेव्हा वीट अजून कोमट होती. मी ती झुंबरबाईंना दिसायच्या आत मोरीत ठेवली. तुझी चूक म्हणायची तर एवढीच, आणि त्यात निम्मी माझी. मी तुला रबरी पिशवी लावू नको म्हटलं, उष्णता लावू नको म्हटलं नाही. माझ्या वहीत हॉट वॉटर बॅग एवढंच लिहिलं होतं, आणि मला वाटलं मला सगळं समजलंय. तू पिशवी माळ्यावर ठेवलीस आणि आपल्या घरचं जे होतं ते केलंस. पुढचं ऐक. तू प्लॅटफॉर्मवरून मला फोन केला होतास. म्हणालास, ताई, बाबाले मस्त शेक दिला, लहान पोरावानी झोपले. मी मीटिंगमधून हळू आवाजात म्हणाले, बरं केलंस. मी ते ऐकलं होतं, नागसेन. त्यानंतर दीड तास मी पोषण आहाराचे तक्ते भरत बसले.

आता हे पत्र कशासाठी ते. बाबांचा शब्द मी आज मोडला आहे, आणि तो मोडताना तुझ्या डोक्यावर काय ठेवते आहे ते मला कळतं. तुला न सांगता त्यांचा त्रास थांबवता येईल का, याचा मी दोन दिवस विचार केला. नाही थांबवता येत. त्यांना मॅडम नको, मी नको, तुझाच होकार हवा आहे, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय तो देणार नाहीस. उद्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी फोन बाबांच्या कानाला लावून बाहेर जाऊन बसेन. तुला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. माफी मागायची नाही, विटेचं नाव काढायचं नाही. त्यांना एवढंच सांग की पट्टी लावून घ्या, मी मॅडमशी बोललो, आणि ती अंगावर असताना तुम्हाला काही झालं तरी मी ताईचा हात सोडणार नाही. हे शेवटचं नीट सांग, त्यांना तेवढंच ऐकायचं आहे. गुरुवारी सकाळी सातला आम्ही घाट चढायला निघू. येऊ शकलास तर ये, नाही आलास तरी चालेल. फोनच्या आधी हवं तेवढं रडून घे, तोंड धू, पाणी पी, आणि मगच लाव. तुझा आवाज जरा जरी कापला तरी बाबा ओळखतील.

तुझीच,
ताई
(मंजुश्री)